सात मीटरचा हिशेब : ताईच्या पहिल्या काइटचं प्रकरण

प्रकरण वरून साधं दिसतं. नवऱ्याला काइटसर्फिंग येतं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायाखाली फळी (बोर्ड) घेऊन पाण्यावरून घसरत जायचा खेळ. बायकोला तो शिकायचाय, तिच्यासाठी पहिली काइट घ्यायची आहे. नवरा म्हणजे माझे दाजी, बायको म्हणजे माझी थोरली बहीण. राहायला सोलापुरात, म्हणजे रत्नागिरीचा किनारा गाडीनं साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. मी यात पडलो कारण माझं तंबू, ताडपत्र्या आणि बॅगा शिवायचं वर्कशॉप आहे, आणि दक्षिणेतल्या काइट शाळांच्या फाटक्या काइटही माझ्याकडं शिवायला येतात. त्या नादात मीही पाण्यात उतरायला शिकलो.

पहिली काइट घेणारे मला बहुतेक वेळा एकच विचारतात : कंपनी कुठली घेऊ? या प्रकरणात कंपनीचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि लगेच सुटला. आमचा वेळ गेला तो वेगळ्याच वादात. काइट ताईसाठी घ्यायची, हे सगळ्यांना मान्य होतं. पण जो तो पर्याय पुढं आला त्यात ताई सोडून बाकी सगळ्यांची सोय होती.

दोघांची मापं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दाजींचं वजन ८४ किलो. दुबईत नोकरीला असताना तिथल्या काइट बीचवर शिकले, परत येऊन घरचा टॉवेलचा कारखाना बघतात, आणि जानेवारीत सवड काढून रामेश्वरमला जातात. त्यांच्याकडं दोन काइट आहेत : १२ मीटर आणि ९ मीटर. ताईचं वजन ५२ किलो. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, पोहायला चांगली आहे, पाण्याला भीत नाही. इतकी वर्षं ती रजा टाकून दाजींबरोबर जायची आणि किनाऱ्यावर बसून काइट उचलून द्यायची, उतरवून घ्यायची. म्हणजे निम्मं काम तिला न शिकताच येत होतं. एका जानेवारीत परत आल्यावर तिनं जाहीर केलं, आता बसणार नाही, शिकणार. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "संक्रांत झाली की ग आता, कसला पतंग?" आणि विषय घरापुरता तिथंच संपला.

एका काइटमध्ये दोघं

दाजींचा पहिला प्रस्ताव ऐकायला शहाणपणाचा होता. "माझ्याकडं ९ आणि १२ आहेत. मधली १० घेऊ. ती शिकेल, मलाही चालेल. पैसे वाया जाणार नाहीत."

काइटचं माप चौरस मीटरमध्ये सांगतात, आणि कुठलं माप लागेल ते दोन गोष्टींवर ठरतं : माणसाचं वजन आणि वाऱ्याचा वेग. शिकणाऱ्यांमध्ये एक ढोबळ सूत्र चालतं. किलोतल्या वजनाला २.२ नं गुणायचं आणि नॉट्समधल्या वाऱ्यानं भागायचं, येतं ते साधारण माप. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. सूत्र काही वेदवाक्य नाही. बोर्ड केवढा, काइटचा आकार कसा, पाणी सपाट की लाटांचं, यावर मीटरभर इकडंतिकडं होतं. पण दोन माणसांची तुलना करायला ते पुरतं.

वारा १६ नॉट्स धरू, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. दाजींना येतात साडेअकरा मीटर, ताईला सात. वारा १८ झाला तर दाजींना १०, ताईला साडेसहापेक्षा कमी. आता १० मीटरची ती 'दोघांची' काइट घ्या. दाजींना ती १८ नॉट्सला बरोबर बसते, म्हणजे रामेश्वरमच्या छान दुपारी. ताईला तीच काइट ११ नॉट्सला बसते. अकरा नॉट्समध्ये शिकाऊ माणसाची काइट धड हवेत टिकत नाही, आणि पाण्यात पडली तर उठत नाही. वारा त्याच्या वर गेला की ती ताईला मोठी. म्हणजे वारा चांगला असेल तेव्हा काइट दाजींच्या हातात, आणि वारा मेला की ताईची पाळी. कोणी मुद्दाम केलं नसतं, पण झालं असतं हेच. घरात जी काइट दोघांची म्हणून येते ती ज्याला येतं त्याचीच होते. जोडप्यांच्या काइट शिवायला येतात तेव्हा मी हे बघितलंय : शिकाऊ बायकोच्या नावावर घेतलेली काइट, आणि बारवरची, म्हणजे दोऱ्या जोडलेल्या हातातल्या दांड्यावरची, खूण नवऱ्याच्या हाताच्या लांबीला लावलेली.

दाजींचं म्हणणं होतं की हल्लीच्या काइटला डीपॉवर असतो, बार पुढं ढकलला की जोर कमी होतो, मग मोठी काइट असली तरी काय बिघडलं? यात तथ्य आहे. बार पुढं गेला की काइटचा वाऱ्याशी कोन बदलतो आणि ओढ उतरते. पण शिकणारा माणूस घाबरला की बार ढकलत नाही, छातीशी ओढून धरतो. आधार शोधायची ती उपजत सवय आहे. ती मोडायलाच पहिले तास जातात. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. १४ नॉट्सचा वारा २० झाला तर आकड्यात वाढ सहाची दिसते, पण ओढ दुप्पट होते : १४ चा वर्ग १९६, २० चा ४००. ८४ किलोच्या माणसाला त्या झोतानं दोन पावलं पुढं नेलं असेल, तर ५२ किलोच्या माणसाला तो उचलतो. दाजींना आपल्या अंगावर जे कधी जाणवलंच नाही ते त्यांना हिशेबानं पटायला वेळ लागला. ताईला लगेच पटलं. किनाऱ्यावर काइट उचलून देताना तिनं ती ओढ हातात धरलेली होती.

स्वस्तातली काइट

दुसरा पर्याय दुबईहून आला. दाजींचा एक जुना मित्र खेळ सोडत होता, त्याची ९ मीटरची काइट बारसकट जवळजवळ फुकट मिळत होती. कोणी ओळखीचा येणार होता, त्याच्या सामानातून ती सोलापूरला आलीही. "शिकायला जुनी बरी, फाटली तरी दुःख नाही," हे वाक्य मी सायकलबद्दल ऐकलंय, स्कूटीबद्दल ऐकलंय, आणि तिथं ते खरंही आहे. काइटबद्दल उलट आहे. ज्याला येतं तो जुन्या काइटवर निभावून नेतो. शिकणाऱ्याला नव्या रचनेची गरज जास्त.

याचं कारण या खेळाच्या इतिहासात आहे. हवा भरून फुगवायची काइट ही फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेनू या दोन भावांची कल्पना, तिचं पेटंट त्यांनी १९८४ मध्ये घेतलं. पाण्यात पडलेला पतंग परत उडाला पाहिजे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. खेळ पसरला नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि त्या काळातल्या काइट इंग्रजी सी अक्षरासारख्या खोल वाकलेल्या होत्या. त्यांचा जोर बारनं फारसा उतरायचा नाही. पुढं याच भावांच्या रचनेवरून २००५च्या सुमारास धनुष्यासारख्या चपट्या काइट बाजारात आल्या, कॅब्रिन्हाची क्रॉसबो त्यातलीच, आणि जोर जवळजवळ पूर्ण सोडता यायला लागला. सी आकाराच्या काइट त्यानंतरही निघत राहिल्या, पण उड्या आणि करामती करणाऱ्यांसाठी. मित्राची काइट या जातीची होती. पाण्यात पडली की तिला उठवणं ही वेगळी कला, आणि शिकणाऱ्याची काइट पाण्यात पडण्यातच दिवस घालवते.

तरी कापड बघायचं म्हणून मी ती वर्कशॉपच्या गच्चीवर उलगडली. इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण वापरलेली काइट घेणाऱ्याला हे उपयोगी पडेल.

काइटचं मुख्य कापड रिपस्टॉप पॉलिस्टर, त्यावर लेप. नवं कापड बोटांत चुरगाळलं की कडकडतं. उन्हात राहिलेलं कापड मऊ पडतं, आवाज देत नाही, आणि दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणलं की सुईची भोकं डोळ्यांना दिसायला लागतात. सोलापुरात कापड हातानं वाचणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं माझ्याकडच्या कारागिराला काइट म्हणजे काय ते माहीत नसताना त्यानं मागच्या कडेवर हात फिरवून सांगितलं, "मालक, हे गेलंय." पुढची जाड नळी डेक्रॉनची असते, ती ठीक होती. आतला फुगा रबरासारख्या पातळ प्लास्टिकचा असतो. हवा भरून रात्रभर ठेवली, सकाळी टोकाची बाजू मऊ. साबणाचं पाणी लावल्यावर व्हॉल्व्हच्या चिकटवणीतून बुडबुडे आले. गाडीच्या डिकीतल्या उन्हानं हा गोंद सुटतो, आखाती देशातल्या उन्हानं तर सुटणारच.

दोऱ्यांसाठी माझी पद्धत अशी : चारही दोऱ्यांची टोकं एका खुंटीला अडकवायची आणि बार सरळ धरून मागं ओढायचा. मधल्या दोन दोऱ्यांवर अंगाचा भार येतो, त्या वापरानं ताणून लांबतात. मग बाजूच्या दोन आखूड पडतात आणि काइट सतत जोर लावलेली राहते, मागं पडायला लागते. मित्राच्या बारवर हा फरक चांगला दिसत होता. तोही दुरुस्त होतो, गाठी सरकवून.

पण खरा अडसर निघाला सुटकेचा कप्पा, म्हणजे छातीसमोरचा क्विक रिलीज. तो एका हातानं, जोर न लावता, बघायची गरज न पडता सुटायला हवा, आणि सुटल्यावर काइट एकाच मधल्या दोरीवर लटकून निर्जीव पडायला हवी. याचा आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आला, आयएसओ २१८५३. मित्राचा बार त्याच्या फार आधीचा, आत रेती बसलेली, आणि सोडायला दाजींना दोन हात लागले. ताईनं ओढून बघितलं, सुटला नाही. दाजी गप्प झाले. काइट आता माझ्याकडं आहे, तिच्या कापडाच्या पिशव्या निघतील.

उजनीवर शिकवतो

तिसरा मुद्दा काइटचा नव्हता, पण काइट कुठली घ्यायची हे त्यावर अवलंबून होतं : शिकणार कुठं आणि कोणाकडून? दाजींना वाटत होतं, उजनीचं एवढं पाणी आहे, दीड-दोन तासांवर, मी शिकवतो. मग खर्च फक्त काइटचा.

उजनीचं यशवंतसागर पसरलेलं दिसतं हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यात पाय मांडीपर्यंत रुततो. पाण्याखाली बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, मच्छीमारांची जाळी आहेत, काठानं ऊस आणि उसाबरोबर मोटारींच्या विजेच्या तारा. काइटच्या दोऱ्या वीस-चोवीस मीटर लांब असतात. तारेपासून तेवढंच अंतर ठेवून भागत नाही, त्याच्या कितीतरी पट मोकळी जागा लागते. शिवाय जमिनीवरून येणारा वारा तुकड्यातुकड्यांनी येतो, समुद्रावरून येतो तसा सलग नाही. उन्हाळ्यात दुपारी ढग दाटून वळीव आला तर वारा शांत असताना एकदम चौपट होतो. आणि कोणी अडकलं तर बाहेर काढायला होडी नाही. परवानगीचा प्रश्न मी काढलाच नाही, त्याची गरज पडली नाही.

नवऱ्यानं बायकोला शिकवण्याबद्दल माझं मत ठाम आहे : शिकवू नये. हे भांडणं टाळायला म्हणून सांगत नाही, भांडणं होतातच. काइट हातात असताना शिकणाऱ्याला एकच सूचना एका वेळी लागते, तीही ठरलेल्या शब्दांत. ज्याचं शरीर सगळं आपोआप करतं त्याला ती देता येत नाही. दाजी ताईला सांगायचे, "अगं, जाणवतं ना ते, त्याप्रमाणे कर." तिला जाणवत नसे, कारण जाणवायला ती अजून पोचलीच नव्हती. शाळेतला प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून सांगतो, "डावा हात सोड." बस. ताई स्वतः मास्तरीण आहे, तिला हा फरक कोणी समजावून द्यावा लागला नाही.

तरीही सोलापुरात करण्यासारखं एक काम होतं, ते केलं. अडीच मीटरची दोन दोऱ्यांची सरावाची काइट. यात हवा भरावी लागत नाही, जमिनीवरूनच उडते, पाण्यात टाकायची नाही. ती मी पैसे देऊन घ्यायला लावली, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातले हे सगळ्यात वसूल झालेले पैसे. प्रश्न जागेचा आला. ज्वारीची रानं मार्चपर्यंत मोकळी होतात, पण धसकटं कापड फाडतात. होटगी रस्त्याच्या बाजूला विमानतळ, तिकडं काही उडवायचं नाही. नान्नजचा माळ मोकळा आणि वारा सुरेख, पण तो माळढोकचा. तिकडं जायचा विचारही नको. शेवटी एका ओळखीच्यांचं पडीक रान मिळालं, तारांपासून लांब. संध्याकाळी ऊन उतरलं की ताई तिथं जायची. बार न बघता काइट डोक्यावर 'बारा वाजता' स्थिर ठेवणं, एका हातानं उडवणं, चालत चालत उडवणं, एवढंच. भोवती पोरं जमायची आणि प्रत्येक जण पेच लावू का विचारायचा. ढग काळे दिसले की बंद, हा नियम तिनं एकदाही मोडला नाही. वळवाबद्दल भूगोलाच्या बाईंना मी काय सांगणार?

सुट्टीनं ठरवलेलं माप

मापाचा निकाल मात्र अनपेक्षित बाजूनं लागला. दाजी आणि मी दोघंही जानेवारीच्या वाऱ्याचा विचार करत होतो, कारण आमचं जाणं तेव्हाचं. जानेवारीत रामेश्वरमला ईशान्येचा वारा असतो, बऱ्याच दिवशी मध्यम. बारा-तेरा नॉट्सला ताईचं माप नऊच्या आसपास येतं, चौदाला आठ. म्हणून आमची गाडी आठ-नऊवर अडलेली.

ताईनं विचारलं, "पण मला सुट्टी कधी असते?"

शिकायला सलग दिवस लागतात. चार दिवस जाऊन यायचं आणि वर्षानं परत, असं केलं की दर वेळी पहिल्यापासून. जानेवारीत तिचं कॉलेज ऐन भरात, बारावीच्या परीक्षा तोंडावर. दिवाळीची सुट्टी असते, पण तेव्हा एक मोसमी वारा संपत आलेला आणि दुसरा अजून बसलेला नाही. किनाऱ्यावर जाऊन वाट बघत बसायचं. राहिला मे. मे महिन्यात तिकडं नैऋत्येचा वारा सुरू होतो, आणि तो जानेवारीपेक्षा जोरकस. वर्गात फळ्यावर काढते तोच नकाशा तिनं वहीच्या मागच्या पानावर काढला आणि आमच्यापुढं सरकवला.

गोवा मी सुचवून बघितलं, कारण जवळचं. मोरजीच्या बाजूला दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, पण तो मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यातला, हलका, आणि मेच्या मध्यानंतर पावसाळा जवळ आला की समुद्र खवळायला लागतो. शिवाय लाटा. रामेश्वरमला उथळ, सपाट खाजणं आहेत. कमरेएवढ्या पाण्यात पाय टेकतात. शिकणाऱ्याला पाय टेकणं ही फार मोठी गोष्ट आहे. जायलाही सोपं झालं होतं : सोलापूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल सुरू झाल्यापासून पुढची गाडीही बेटापर्यंत जाते.

मे ठरला की वारा ठरला : अंदाजे १६ ते २०. ताईच्या वजनाला सूत्रानं सात ते पावणेसहा. आठ-नऊ कागदावरूनच गेली.

मग सहा का नाही? इथं सूत्राच्या पलीकडची गोष्ट येते. काइट जितकी लहान तितकी ती झपाट्यानं वळते. शिकाऊ हातानं बार जरा जास्त ओढला की लहान काइट वाऱ्याच्या ऐन मध्यातून फिरून येते आणि तडाखा देते. मोठी सावकाश वळते, विचार करायला वेळ देते, पण ओढते जास्त. शिवाय फार लहान काइट घेतली तर बोर्डवर उभं राहायला पुरेसा आणि सलग जोर मिळत नाही. माणूस काइट सारखी वरखाली पळवत राहतो आणि प्रत्येक वेळी वाऱ्याबरोबर खाली वाहत जाऊन बोर्ड काखेत मारून चालत परत येतो. हलक्या वजनाच्या माणसाची अडचण ही की त्याला जोरानुसार लहान काइट हवी आणि वळण्यानुसार मोठी.

हे वादानं सुटणार नव्हतं, म्हणून खरेदी थांबवली. आधी शाळा, शाळेच्याच काइट, मग खरेदी. दाजींना हे पटायला जड गेलं. घेतलेल्या वस्तूचा फोटो न काढता शिकायला जाणं त्यांना अपुरं वाटत होतं. पण ते गेले, किनाऱ्यावर बसले, आणि या वेळी काइट उचलून देणारे ते होते.

शाळेनं सुरुवातीला आखूड दोऱ्या लावून काइट दिली. दोऱ्या आखूड असल्या की काइटला झेप घ्यायला जागा कमी, म्हणून तडाखाही कमी. नुसतं काइटच्या ओढीवर पाण्यातून घसटत जाणं, काइट पाडून परत उठवणं, बार सोडून देणं, दोऱ्या गुंडाळून काइटलाच धरून किनाऱ्याला येणं, हे सगळं आधी. बोर्ड नंतर. शाळेकडं एकाच बनावटीच्या ६ आणि ८ होत्या, ताईनं दोन्ही वापरल्या. आठवर दुपारी वारा चढला की ती सारखी पुढं खेचली जायची आणि बार ढकललेलाच ठेवायची. त्या अवस्थेत वळवता येत नाही. सहावर सकाळच्या कमी वाऱ्यात बोर्डवर उभी राहायची आणि जोर न पुरल्यानं परत पाण्यात बसायची. संध्याकाळी तिनं दोन ओळींचा निरोप पाठवला : "आठ मला नेते. सहाला मी नेते. मधलं बघ."

सात

पुढचं काम यादीचं होतं. सात मीटर. आडव्या फुगवलेल्या पट्ट्या तीन. पाच असल्या की काइट भक्कम पण जड, एकच असली की हलकी पण जोराच्या वाऱ्यात कापड फडफडतं. आकार डेल्टा किंवा धनुष्याकडं झुकणारा, म्हणजे पाण्यात पडल्यावर एक बाजूची दोरी ओढली की कडेवर उभी राहून स्वतः उठणारी. चार दोऱ्या, सुटल्यावर एका मधल्या दोरीवर निर्जीव होणारी. बार २०२० नंतरच्या मानकाचा. नेइश पिव्हट, कॅब्रिन्हा मोटो, ओझोन कॅटॅलिस्ट, तिन्ही या चौकटीत बसतात, आणखीही बसतील. यांतली कुठली, यावर मी वाद घातला नाही. नवी बारसकट लाखाच्या पुढं जाते, म्हणून दोन मोसम वापरलेली काइट आणि कोरा बार असं ठरवलं. कापड जुनं चालतं, ते मी हातानं तपासू शकतो. सुटकेचा कप्पा जुना घ्यायचा नाही. बार दाजींच्या काइटच्या कंपनीचाच घेतला, दोऱ्यांची जोडणी जुळावी म्हणून. मधल्या दोऱ्या खाली विभागतात की वर, यात कंपन्यांचा फरक असतो, आणि चुकीचा बार लावला की चांगली काइटही वेड्यासारखी वागते. बारची रुंदी ताईच्या खांद्याला आणि लहान काइटला शोभेल अशी. दाजींचा बार रुंद, त्यानं सात मीटरची काइट आणखी चपळ होते.

काइट आली, गच्चीवर उलगडली. कापड कडकडीत, एका टोकाला बोटभर ठिगळ, शिवण स्वच्छ. कारागीर काही बोलला नाही, म्हणजे ठीक.

हार्नेस (काइट अंगाला अडकवायचा पट्टा), हेल्मेट, बोर्ड यांवर लिहीत नाही, ती मापं शाळेत अंगावर घालून बघितली की कळतात.

दाजींचा एक आक्षेप शिल्लक होता आणि तो चुकीचा नव्हता : "जानेवारीत वारा बाराचा असला तर सातवर ती बसूनच राहणार. मग मोठी घ्यावीच लागेल." कागद घेऊन बसल्यावर उलगडलं की ती मोठी घरातच होती. वारा १२-१३ असेल तेव्हा ताईला ९ लागते, आणि तेव्हा दाजी १२ वर असतात, त्यांनाही ती कमीच पडते. १६ ला ताई ७ वर, दाजी १२ वर. २० ला दाजी ९ वर, ताई ७ वर बार ढकलून, किंवा मनात आलं नाही तर किनाऱ्यावर. म्हणजे ७, ९ आणि १२ या तीन काइटमध्ये दोन माणसं एकाच काइटसाठी कधीच समोरासमोर येत नाहीत. मधली १० घेतली असती तर दाजींकडं ९, १० आणि १२ अशा एकमेकींना चिकटलेल्या तीन काइट झाल्या असत्या, आणि ताईकडं एकही नाही. नऊवर ताईनं जायचं ते वाऱ्याबरोबर खाली वाहून न जाता एकटीनं निघाल्या जागी परत येता आल्यावर, आणि नव्या बारवर, एवढी अट मी घातली.

सध्या ती उजव्या हाताच्या दिशेला चांगली जाते. डाव्या दिशेला जाते आणि वळताना बसते. सातच्या मागच्या कडेला एक नवं ठिगळ पडलंय, ते शिंपल्यांवर ओढल्याचं.

आणि एक नवा प्रश्न आला, जो कोणी हिशेबात धरला नव्हता. जूनच्या सुरुवातीला तिकडं वारा २५-२६ वर गेला, दाजींना त्यांची ९ जड व्हायला लागली. ८४ किलोला २६ नॉट्सला बसतं ते माप बरोबर सात. तेवढ्या वाऱ्यात ताई पाण्यात उतरत नाही. दाजींनी काइट मागितली. तिनं दिली, दोन अटींवर : बारवरची खूण हलवायची नाही, आणि गोड्या पाण्यानं धुऊन परत द्यायची.

पहिली अट दाजींनी पाळली. धुवायचं राहिलं, म्हणून कप्प्यातलं मीठ काढायला बार गेल्या आठवड्यात माझ्याकडं आलाय.